दिवसा पेंगणारी करंजी

"बाई, हात लावू नका. नुसतं बघा."

दार उघडलं तर खालच्या मजल्यावरचा हेमंत कोठावदे उभा होता. हातात स्वयंपाकघरातली सांडशी, आणि सांडशीत गरम पातेलं धरावं तसा एक काळा अडॅप्टर. त्याची वायर जिन्याच्या पायरीपर्यंत लोळत होती. एक बाजू फुगून वाकडी झालेली. जळक्या प्लॅस्टिकचा वास माझ्या घरात त्याच्या आधी शिरला.

"कसला आहे हा?" मी विचारलं.

"फिशटँकच्या लाइटचा. दिवाळीपासून हा तिसरा. पहिला बंद पडला, दुसऱ्यातून धूर आला, आणि हा बघा, पापडासारखा झालाय. उद्या घर पेटेल, बाई!"

हेमंत विमा कंपनीत होता आणि आगीच्या दाव्यांची तपासणी हेच त्याचं काम होतं. जळालेली घरं, जळालेली दुकानं यांचे फोटो दिवसभर बघून तो असा झाला होता, की घरात उदबत्ती लावली तरी ती विझेपर्यंत तिच्यासमोर उभा राहायचा. आठवीत मी त्याला विज्ञान शिकवलं होतं. उष्णतेच्या धड्याला तो वर्गात हजर होता, पण खिडकीबाहेर बघत.

"मी ठरवलंय," तो म्हणाला. "रविवारी सकाळी धात्रक टब घेऊन येतोय. डेंटिस्ट आहे, माझा मित्र. टँक त्याच्या दवाखान्यात जाईल. पेशंटना बरं वाटेल आणि आम्हाला झोप लागेल."

त्याच्या पाठीमागून हुंदका आला. जिन्यात त्याची दोन्ही मुलं उभी होती. ऋजुता, जिला सगळे ऋजू म्हणत, पाचवीत होती. तिचा भाऊ टिकू पहिलीत. टिकूच्या एका पायात पांढरा मोजा होता आणि दुसऱ्यात करडा.

"दवाखान्यात माणसं ओरडतात," ऋजू म्हणाली. "चकली आवाजाला घाबरते, बाबा."

चकली म्हणजे मासा. टँक दिवाळीत आला म्हणून माशांची नावं चकली, करंजी आणि अनारसा.

"माशांना कान नसतात," हेमंत म्हणाला.

"असतात," मी म्हणाले. "डोक्याच्या आत असतात, बाहेर दिसत नाहीत."

"बाई, तुम्ही तरी तिची बाजू घेऊ नका!"

"मी कानांची बाजू घेतेय. हेमंत, अडॅप्टर का तापतो ते तुला कळलंय का?"

"नाही."

"मग कारण न शोधता तू निकाल कसा दिलास? ऑफिसात असं चालतं का?"

त्याने सांडशी जरा खाली घेतली. विम्याच्या माणसाला दुखेल अशा जागी मी बोट ठेवलं होतं, आणि मला ते ठाऊक होतं.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "रविवारपर्यंत. कारण सापडलं, आणि पुन्हा तापणार नाही याची मला खात्री पटली, तर टँक राहील. नाही तर धात्रक."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते आणि नाशिकच्या त्या सोसायटीत संध्याकाळी मुलं माझ्याकडे प्रयोग करायला यायची. चुंबक, भिंग, लिंबाच्या रसाने लिहिणं, असलं काहीबाही. खरोखरचं काही पणाला लागलेला प्रयोग मात्र तोपर्यंत आमच्या वाट्याला आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलांबरोबर त्यांच्या घरी गेले. हेमंत स्कूटर काढत होता. उजव्या हातात लोकरीचा हातमोजा, डावा हात उघडा. डावा मोजा कॉलनीतल्या तांबड्या कुत्र्याने पळवला, असं तो सगळ्यांना सांगायचा. त्या कुत्र्याकडे तो असा बघायचा, की ते बिचारं गेटपाशीच थबकायचं.

टँक हॉलमध्ये एका बुटक्या कपाटावर होता. वरच्या झाकणात एलईडीची पट्टी, तिची वायर मागे, आणि टँक व भिंत यांच्यामधल्या वीतभर रुंद फळीवर तो अडॅप्टर ठेवलेला असायचा. शेजारी आप्पांचा दिवाण. आप्पा म्हणजे हेमंतचे वडील. डोक्यावर माकडटोपी, त्यातून फक्त नाक आणि चष्मा बाहेर.

"या बाई, या," आप्पा म्हणाले. "दही पोचलं ना?"

"पोचलं. सुरीने कापावं लागलं."

आप्पांचं नाक खुललं.

त्या डिसेंबरात नाशिकला अशी थंडी पडली होती, की खोबरेल तेलाची बाटली गॅसपाशी ठेवल्याशिवाय थेंब बाहेर यायचा नाही. माझं विरजण लावलेलं दूध सकाळी दूधच असायचं. सोसायटीत सगळ्यांची तीच रड. फक्त कोठावद्यांकडे दही लागायचं, तेही असं, की वाटी उलटी केली तरी पडू नये. टिकूने हे एकदा जिन्यात करून पाहिलं होतं. पडलं होतं.

दही लावायचे आप्पा. हे काम पूर्वी त्यांच्या पत्नीचं, माईंचं. माईंनी लग्नात सटाण्याहून माहेरचं विरजण आणलं आणि ते कधी मोडू दिलं नाही. आजच्या दह्यातलं चमचाभर उद्याच्या दुधात, असं करत ते इथवर आलं होतं. माई गेल्या आणि चमचा आप्पांच्या हातात आला.

"आप्पा, एवढ्या थंडीत तुमचं लागतं कसं?" मी त्यांना अनेकदा विचारलं होतं.

"जागा लागते," ते म्हणायचे. "जागा सांगायची नसते."

हेमंतची बायको ज्योत्स्ना चहा घेऊन आली. "बाई, मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, आग्नेयेला पाणी ठेवू नका. आग्नेय म्हणजे अग्नीची दिशा. तापणार नाही तर काय होणार?"

"वायरमनला दाखवलं का?"

"सगळं तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाला आणि बोर्ड बदलून गेला."

ऋजू टँकला नाक लावून बसली होती. "बाई, करंजीकडे बघा. ती हल्ली दिवसा पेंगते."

पोट फुगलेली सोनेरी करंजी तळाच्या खड्यांवर स्वस्थ टेकली होती.

"डोळे तर उघडे आहेत तिचे," टिकू म्हणाला.

"माशांना पापण्या नसतात," मी म्हणाले. "ते उघड्या डोळ्यांनीच झोपतात. बाबा माझ्या वर्गात झोपायचे तसे. पण ती रात्री झोपत नाही का?"

"मी झोपताना लाइट बंद करते," ऋजू म्हणाली. "सकाळी चालू असतो."

"मी लावतो," आप्पा घाईने म्हणाले. "रात्री उठावं लागतं. अंधारात ठेचकाळलो म्हणजे?"

"म्हणजे लाइट रात्रभर चालतो," मी मुलांना म्हटलं. "पण तेवढ्याने अडॅप्टर वितळायला नको. तो त्यासाठीच बनवलेला असतो. आता संशय कोणाकोणावर?"

"अडॅप्टरवर," ऋजू म्हणाली.

"भुतावर," टिकू म्हणाला.

"आधी अडॅप्टर पकडू. भूत कुठे पळत नाही."

हेमंतने चौथा अडॅप्टर आदल्या संध्याकाळीच आणून लावला होता. पट्टीवर काय लिहिलंय आणि अडॅप्टरवर काय लिहिलंय ते ऋजूने भिंग लावून वाचलं. दोन्ही जुळत होतं. मग मी सुचवलं की पट्टी आणि अडॅप्टर दोन्ही वर माझ्या घरी नेऊ, टेबलावर रात्रभर चालू ठेवू आणि सकाळी बघू. तिथेही तापला तर दोष त्याचा. नाही तापला, तर दोष दुसऱ्या कशाचा तरी.

आप्पांनी माकडटोपी कानावरून वर केली. "रात्रभर नेणार?"

"हो आप्पा."

"सगळी रात्र?"

"तुम्हाला उठायला उजेड हवा असेल तर टॉर्च देते मी."

"टॉर्चने काय होणार," आप्पा पुटपुटले आणि कुशीवर वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं दात न घासताच वर आली. पट्टी रात्रभर माझ्या टेबलावर लख्ख जळत होती. ऋजूने अडॅप्टरला आधी एक बोट लावलं, मग दोन, मग तो सरळ मुठीत धरला.

"कोमट आहे," ती म्हणाली. "दुधाच्या बाटलीसारखा."

"म्हणजे?"

"म्हणजे अडॅप्टर शहाणा आहे. आमच्या घरात काहीतरी वेडं आहे."

त्या घरात त्या सकाळी सगळेच चिडले होते. खालून ज्योत्स्नाचा आवाज येत होता, "ओले तर ओले, तेच मोजे घाल आणि जा!" हेमंत स्कूटरला किक मारता मारता कळवळत होता, की बोटं दगडाची झाली. आणि माझी दह्याची वाटी आली नाही. थोड्या वेळाने आप्पा स्वतः जिना चढून आले. हातातलं पातेलं त्यांनी नुसतं कलतं केलं. आत दूध हेलकावलं.

"लागलं नाही," ते म्हणाले.

"होतं आप्पा असं. थंडी केवढी आहे."

"माईच्या हातात कधी झालं नाही." त्यांनी पातेलं पुन्हा हलवून बघितलं. "आज रात्री लागलं नाही तर हे नासेल. मग विरजण कुठून आणू? दुकानातलं?" 'दुकानातलं' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जसा हेमंत 'शॉर्टसर्किट' उच्चारायचा.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी त्यांना चहा दिला आणि थंडीला नावं ठेवली.

संध्याकाळी मुलं आली तेव्हा मी टिकूला माझी रजई दिली.

"आत शीर. कशी आहे?"

"थंडगार!" तो आतून किंचाळला.

"थांब जरा." मी ऋजूबरोबर शेंगा सोलत बसले. काही वेळाने विचारलं, "आता?"

"आता मस्त गरम आहे."

"मी रजईखाली शेगडी ठेवली का?"

"नाही."

"मग ही ऊब कोणाची?"

रजई विचार करताना हलली. मग डोकं बाहेर आलं. "माझी!"

"रजईने काय केलं?"

"माझी ऊब मलाच परत दिली. बाहेर जाऊ दिली नाही."

"शाबास. आता ऐका. भिंतीतली वीज लाइटसाठी फार जोराची असते. अडॅप्टर तिचा जोर कमी करतो. ते करताना त्याला थोडा घाम फुटतो, म्हणजे थोडी उष्णता तयार होते. ती हवेत निघून जाते, म्हणून तो कोमटच राहतो. पण समजा, ती जाऊच दिली नाही तर?"

ऋजूच्या हातातली शेंग तशीच राहिली. पण बोलला टिकू.

"मग अडॅप्टरला रजई कोणी घातली?"

चाकोरीतल्या परीक्षेत असा प्रश्न विचारणाऱ्याला गुण नसतात. मी त्याला मूठभर शेंगा जास्त दिल्या.

त्या संध्याकाळी पट्टी आणि अडॅप्टर खाली जागेवर गेले. शनिवारी सकाळी अडॅप्टर पुन्हा तापला. हेमंतने सांडशी काढली आणि धात्रकला फोन करून मोठा टब आणायला सांगितलं. माझ्याकडे मात्र दही आलं. सुरीने कापण्यासारखं.

दुपारी ऋजू एकटीच आली. स्वेटरच्या आत काहीतरी लपवलं होतं. तिने ते माझ्या टेबलावर ठेवलं. आप्पांची माकडटोपी. तिच्या कडेला आतल्या बाजूने तपकिरी डाग पडला होता. गोल नाही, चौकोनी.

"आप्पा अंघोळीला गेलेत," ती म्हणाली. मग खिशातून जुना, वाकडा झालेला अडॅप्टर काढून तिने त्या डागावर ठेवला. काठाला काठ बसला.

मग मी माझ्या टेबलावरच्या दह्याच्या वाटीकडे पाहिलं. सगळं माझ्यासमोर रोज येत होतं, वरून साखर घालून मी ते खातही होते.

"अडॅप्टरवर दह्याची वाटी," ऋजू म्हणाली, "आणि दोन्हींवर टोपी. रात्रभर. म्हणून लाइट लावतात. उठण्यासाठी नाही."

"म्हणून करंजी दिवसा पेंगते," मी म्हणाले.

"बाई, कारण सापडलं." पण तिचा चेहरा सापडल्यासारखा नव्हता.

"मग काय झालं?"

"मागे आप्पांनी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि विसरले. तेव्हा बाबांनी लायटर काढून घेतला. आप्पा आता गॅसला हात लावत नाहीत. हे कळलं तर बाबा म्हणतील, दहीसुद्धा बंद. मग आजीचं विरजण संपेल." तिने नाक पुसलं. "आणि नाही सांगितलं तर चकली, करंजी, अनारसा जातील."

"हं."

"तुम्ही सांगा ना काय करू."

शिकवताना मी एक पथ्य पाळत आले होते. जे मूल स्वतः काढू शकेल, ते उत्तर आपण द्यायचं नाही. त्या दुपारी ते पथ्य मला फार जड गेलं.

"शास्त्रात कारण सांगावं लागतं," मी म्हणाले. "नाव सांगावंच लागतं असं नाही."

"पण बाबा नाव विचारणारच. दाव्यात नाव लागतं."

तिने टोपीचा गोंडा दोनदा पिळला. मग उठली.

"मी माझं नाव सांगेन. मला शिक्षा म्हणून टँक जाईल. पण आप्पांचं दही राहील, ऊब मी दुसरीकडे शोधेन. कारण खरं आहे ना, बाई? फक्त नाव खोटं."

टोपी पुन्हा स्वेटरमध्ये घालून ती गेली. अंघोळ आटपून येणाऱ्या आप्पांच्या आधी तिला पोचायचं होतं.

रविवारी सकाळी डॉक्टर धात्रक टब आणि रबरी नळी घेऊन हजर झाले. ते स्वभावाने आनंदी होते. समोरचा माणूस हसला की ते त्याच्या डोळ्यांऐवजी दाढांकडे बघायचे, म्हणून त्यांच्यासमोर कोणी मोकळेपणाने हसत नसे.

"कुठे आहेत माझे नवे पेशंट?" ते म्हणाले.

"थांबा काका," ऋजू म्हणाली. "आधी प्रयोग."

तिने सकाळपासून लाइट लावून ठेवला होता आणि अडॅप्टर फळीवर उघडा होता. तिने हेमंतला हात लावायला सांगितलं. त्याने सांडशी पुढे केली.

"हात, बाबा."

त्याने चटका बसल्यासारखं बोट लावलं आणि मग आश्चर्याने पूर्ण पंजा ठेवला. "कोमट आहे."

तिने अडॅप्टर टॉवेलात गुंडाळला. मग आम्ही पोहे खाल्ले. धात्रकांनी दोनदा घेतले. चहा झाला. आप्पा दिवाणावर बसून एकदा टॉवेलाकडे आणि एकदा ऋजूकडे बघत होते. टोपी त्यांनी आज घडी करून मांडीवर ठेवली होती.

"आता लावा हात," ऋजू म्हणाली.

हेमंतने टॉवेल उघडला. "आई गं!" त्याचं बोट तोंडात गेलं.

"अडॅप्टर चांगला आहे," ऋजू म्हणाली. वाक्यं तिने पाठ केली होती. "त्याची उष्णता हवेत जाते. त्याला गुंडाळलं, तर ती त्यालाच परत मिळते, म्हणून तो तापतो. आपला अडॅप्टर रोज कोणीतरी गुंडाळत होतं."

"वा!" धात्रक म्हणाले आणि टाळ्या वाजवल्या.

हेमंतने नाही वाजवल्या. "कोणीतरी म्हणजे कोण?"

"नाव सांगायलाच हवं?"

"हवंच. कोणी गुंडाळला ते कळल्याशिवाय पुन्हा होणार नाही याची खात्री कशी देणार?"

ऋजूने एकदा टँककडे बघितलं. करंजी नेमकी जागी होती आणि काचेशी येऊन तोंड उघडझाप करत होती. ऋजूने डोळे मिटले.

"मी," ती म्हणाली.

"नाही!" आप्पा उभे राहिले. मांडीवरची टोपी खाली पडली. "पोरगी खोटं बोलतेय. मी. रोज रात्री. वाटी ठेवतो त्याच्यावर आणि वरून ही टोपी. हेमंत, काय बोलायचं ते मला बोल. पण माईचं विरजण आहे ते. मला दुसरी उबदार जागा सापडली नाही."

हेमंत तोंड उघडणार एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"मीही," ज्योत्स्ना म्हणाली. ती पदराशी चाळा करत होती. "सकाळी आप्पांची वाटी निघाली की... टिकूचे मोजे. धुतलेले वाळतच नाहीत हो या थंडीत. तिथे ठेवले की पोहे होईपर्यंत खडखडीत. एक कुठे गेला देव जाणे."

"तू? तू तर म्हणत होतीस आग्नेय दिशा!"

"दिशासुद्धा असेल की."

हेमंतने कमरेवर हात ठेवले. तो त्याच्या नोकरीतल्या आवाजात बोलू लागला. "धात्रक, ऐकलंस? बाई, ऐकलंत ना? आग कशी लागते ते मी रोज बघतो. निष्काळजीपणा! माझे वडील, माझी बायको! या घरात अक्कल असलेला माणूस कोण, तर मी एकटा. टिकू, मागे जा आणि प्लग काढ. टँक जाणार!"

"प्लग बटण बंद करून काढ," मी म्हणाले.

टिकूने बटण बंद केलं आणि तो कपाटामागच्या फटीत खांद्यापर्यंत घुसला. थोडा वेळ नुसती खुडबुड ऐकू आली.

"मोजा सापडला!" आतून आवाज आला आणि एक पांढरा मोजा बाहेर भिरकावला गेला.

"बघ," हेमंत ज्योत्स्नाला म्हणाला.

"अजून काहीतरी आहे." टिकू उलटा सरकत बाहेर आला. केसांत जळमटं, नाकाला धूळ, आणि हातात एक लोकरीचा हातमोजा. डावा.

"बाबा," तो आनंदाने ओरडला, "कुत्र्याने नेलेला मोजा इथे आहे!"

ज्योत्स्नाने आधी हातमोज्याकडे, मग हेमंतकडे बघितलं.

"कुत्रा आमच्या घरात कसा आला?" टिकूने सगळ्यांना विचारलं.

हेमंतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "स्कूटरवर... बोटं गोठतात," तो म्हणाला. "निघण्याआधी थोडाच वेळ. पाचच मिनिटं. मी लक्ष ठेवून असायचो."

"उभा राहायचास का समोर?" मी विचारलं.

आधी आप्पा हसले. मग ज्योत्स्ना. मग धात्रक असे हसले, की सगळ्यांना पहिल्यांदाच त्यांच्या दाढा दिसल्या. ऋजू हसत नव्हती. ती वडिलांकडे बघत होती, कारण तिच्या लेखी अजून काहीच ठरलेलं नव्हतं.

"हेमंत," मी म्हणाले, "कारण सापडलं का?"

"सापडलं."

"नावं?"

"नावं पुष्कळ झाली." त्याने हातमोजा खिशात कोंबला. मग हातोडी मागवली. भिंतीत त्याच्या डोक्याच्या उंचीवर त्याने एक हूक ठोकला आणि अडॅप्टर वायरीने तिथे टांगला, मोकळ्या हवेत. त्यावर वाटी राहणार नव्हती, मोजाही नव्हता. हूक ओढून बघितला. पुन्हा ओढून बघितला.

"आता खात्री," तो म्हणाला.

ऋजूने त्याच्या पोटाला अशी मिठी मारली, की हातोडी खाली पडली.

"आणि माझं दही?" आप्पांनी हळूच विचारलं.

ऋजू खुर्चीवर चढली आणि तिने माळ्यावरून थर्माकोलचं खोकं काढलं. मासे दुकानातून त्यातूनच आले होते.

"टिकू, हे खोकं ऊब देतं का?"

"नाही. ज्याची त्याला परत देतं."

"मग यात गरम पाण्याची बाटली ठेवायची आणि शेजारी वाटी. वरून झाकण."

"आणि टोपी?" आप्पा म्हणाले.

"टोपी डोक्यावर," ज्योत्स्ना म्हणाली.

धात्रक रिकामा टब घेऊन गेले. टबात दह्याचं एक भांडं होतं, त्यामुळे रिकाम्या हाताने गेले असं म्हणता येणार नाही. संध्याकाळी मी खाली डोकावले तेव्हा स्वयंपाकघरात आप्पा दूध तापवत होते. लायटर त्यांच्या हातात होता. हेमंतने तो स्वतः दिला होता आणि दूध उतू जाईस्तोवर, म्हणजे न जाईस्तोवर, तो ओट्यापाशी उभा होता. उदबत्तीसमोर उभा राहायचा तसाच.

सोमवारी टिकू वाटी घेऊन आला. "बाई, उलटी करून दाखवू?"

"नको," मी म्हणाले.

आप्पा जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांनी मला दिलेलं चमचाभर विरजण माझ्याकडे अजून चालू आहे. एका उन्हाळ्यात कोठावदे गावाला गेले आणि त्यांच्याकडचं मोडलं, तेव्हा ते माझ्याकडून खाली गेलं. ऋजू पुण्याला एका कारखान्यात असते. घरगुती उपकरणं किती तापतात ते तपासून पास-नापास करण्याचं तिचं काम आहे. तिचे सहकारी तिला कडक म्हणतात, असं टिकू सांगतो.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी दही द्यायला खाली गेले. भिंतीवरचा हूक जागच्या जागी होता. टँकशेजारच्या फळीवर आता इंटरनेटची पांढरी पेटी आली होती, तिचे हिरवे दिवे लुकलुकत होते. आणि त्या पेटीवर, एकावर एक नीट रचून ठेवलेले, लोकरीचे दोन हातमोजे.

हेमंत चहाचा कप घेऊन आला. मी कुठे बघतेय ते त्याने पाहिलं आणि कप तसाच हातात धरून थांबला.

"बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "ऋजूला सांगू नका."

"मी तिला फक्त कारण सांगेन," मी म्हणाले. "नाव नाही."

त्याने कप खाली ठेवून मोजे उचलले, हातात घातले आणि माझ्या हातातली दह्याची वाटी घेतली.